राष्ट्रगीताचा मान आणि माणसाचा अपमान

अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंनी राष्ट्रगीताच्या वेळी केलेल्या निषेधाचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडते : "त्यांचे गाऱ्हाणे खरे असेल, पण ही काय रीत झाली?" हे वाक्य आमच्या चांगल्या परिचयाचे आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आमच्या लोकांनी ओंजळीत घेतले, तेव्हाही आमची रीत चुकली होती, आणि म्हणूनच की काय, ते तळे पंचगव्याने शुद्ध करून घेण्यात आले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला, तेव्हाही रीत चुकली. १९५६ साली नागपूरला लक्षावधी लोकांनी हिंदू धर्माचा त्याग करून बुद्धाला शरण जाण्याची प्रतिज्ञा घेतली, तेव्हा तर रीत सर्वांत अधिक चुकली! गाऱ्हाणे मांडण्याची बरोबर रीत कोणती, हे मात्र आजपावेतो आम्हांस कोणी सांगितलेले नाही. तेव्हा या 'रीती'च्या आक्षेपाची एकदा नीट झडती घेणे अगत्याचे झाले आहे.

अमेरिकेच्या प्रश्नाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १९१३ ते १९१६ या काळात पूज्य बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी आपल्या संघटनेस 'दलित पँथर' हे नाव दिले, तेही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच. त्या लोकांचे दुःख वाचताना आम्हांस भाषांतराची गरज पडत नाही.

बसला तरी गुन्हा, उभा राहिला तरी गुन्हा

प्रथम घडलेली हकीकत पाहू. कॉलिन केपर्निक हा सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल संघाचा नामांकित खेळाडू. पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय माणसे मरतात आणि मारणारे बिनदिक्कत सुटतात, याच्या निषेधार्थ तो ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रगीत चालू असता बाकावर बसून राहिला. जो देश कृष्णवर्णीयांना दडपतो, त्याच्या ध्वजाविषयी अभिमान दाखविण्यासाठी मी उभा राहणार नाही, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. तेव्हा नेट बॉयर नावाच्या एका माजी सैनिकाने त्याची भेट घेतली. बसून राहण्यापेक्षा गुडघा टेकावा, कारण धारातीर्थी पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे सैनिकही गुडघा टेकतात, असे त्याने सुचविले. केपर्निकने ते तत्काळ मानले. १ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन डिएगो येथे त्याने व त्याचा सहखेळाडू एरिक रीड याने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला.

रीत चुकली होती असे घटकाभर मान्य करू. पण ती एका सैनिकाच्याच सल्ल्याने सुधारण्यात आली ना? मग संताप निवळला काय? मुळीच नाही! लोकांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. सप्टेंबर २०१७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी अलाबामातील जाहीर सभेत अशा खेळाडूंना शिवी हासडून संघमालकांनी त्यांना हाकलून द्यावे, असे सांगितले. मार्च २०१७ मध्ये केपर्निकचा जुना करार संपुष्टात आला. त्यानंतर त्या व्यवसायातील एकाही सामन्यात तो उतरू शकलेला नाही. मे २०१८ मध्ये मालकमंडळींनी नियम केला की, मैदानावर असेल त्याने उभे राहिलेच पाहिजे. ज्याला ते नको असेल त्याने आतल्या खोलीत बसावे. म्हणजे निषेध करावयाचा तर तो कोणाच्या दृष्टीस पडू नये! महारवाडा गावाबाहेर का असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांस या नियमाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

बरे, उभे राहून निषेध केला तर? तोही दाखला इतिहासात आहे. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथने २०० मीटरची शर्यत १९.८३ सेकंदांत जिंकून जागतिक उच्चांक केला. जॉन कार्लोस तिसरा आला. पदके घेताना दोघेही ताठ उभे होते. पायांत जोडे नव्हते, नुसते काळे मोजे होते. ती त्यांच्या बांधवांच्या दारिद्र्याची खूण होती. राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर उचलली. एक शब्दही ते बोलले नाहीत. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केली, त्यांना संघातून काढून क्रीडाग्रामातून घालविण्यात आले आणि मायदेशी जिवे मारण्याच्या धमक्यांनी त्यांचे स्वागत झाले. त्यांच्यावर कारवाई व्हावी म्हणून आग्रह धरणारे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज हे कोण होते? १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकवर बहिष्कार घालण्यास कडवा विरोध करणारे अमेरिकन पुढारी! त्या मैदानावरील नाझी सलामीत त्यांना राजकारण दिसले नव्हते. गरीब माणसाची मूठ दिसताच मात्र खेळाचे पावित्र्य भंगले.

बसला तरी अपमान, गुडघा टेकला तरी अपमान, उभा राहिला तरी अपमान. यावरून कोणता निष्कर्ष निघतो? आक्षेप रीतीला नाही. आक्षेप मागणीला आहे. मागणीस नाही म्हणावयाचे धैर्य होत नाही, म्हणून रीतीस नावे ठेवावयाची, एवढाच या साऱ्या गदारोळाचा अर्थ आहे.

तीन सबबी

सैनिकांचा अपमान झाला, ही पहिली सबब. आम्ही उलट विचारतो, सैनिकाचा मान तुम्ही कधी राखला? फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडार्ड हा कृष्णवर्णीय सैनिक युद्धावरून घरी परतत असता, अंगावर गणवेश असतानाच साउथ कॅरोलिनातील पोलिसांनी त्याला मारून कायमचे आंधळे केले. आणि गोऱ्या ज्यूरीने त्या पोलीस अधिकाऱ्यास निर्दोष सोडले. आमच्या महार पलटणींतील शिपायांनी रणांगणावर रक्त सांडले, पण गावी परतल्यावर त्यांना सार्वजनिक विहिरीचे पाणी मिळाले नाही. सुभेदार रामजींच्या मुलालाही शाळेत तहानेने व्याकूळ व्हावे लागले. त्या वेळी सैनिकांच्या सन्मानाचे हे कैवारी कोठे होते?

या खेळाडूंना अमाप पैसा मिळतो, मग तक्रार कसली, ही दुसरी सबब. आमच्याकडे हिचेच नाव 'सवलती मिळतात, मग ओरड कशाला?' असे आहे. पैशाने माणुसकी विकत मिळत नाही आणि कर्तृत्वानेही ती आपोआप मिळत नाही. पुण्याच्या मैदानावर गोऱ्यांना थक्क करणारा पाळवणकर बाळू चहासाठी मात्र मातीच्या वेगळ्या भांड्याचा धनी होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही त्याच्या वाट्याला हिंदू संघाचे कर्णधारपद आले नाही. ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २०२१ चे टोकियो ऑलिंपिक घ्या. एकाच सामन्यात तीन गोल करणारी वंदना कटारिया ही ऑलिंपिकमधील पहिली भारतीय महिला हॉकीपटू. पुढे उपांत्य सामन्यात भारत हरला तेव्हा हरिद्वारजवळील तिच्या घरापुढे फटाके वाजविण्यात आले व जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली, अशी फिर्याद नोंदली गेली आणि अटकाही झाल्या. राष्ट्र हरल्याचा आनंद फटाक्यांनी साजरा होतो, तेव्हा राष्ट्राचा अपमान होत नाही काय?

खेळात राजकारण नको, ही तिसरी सबब. पण मैदानावर राष्ट्रगीत, ध्वज आणि लष्करी संचलन आणले कोणी? खेळाडूंनी नव्हे. अमेरिकेचे संरक्षण खाते क्रीडासंघांना पैसे देऊन देशभक्तीचे सोहळे करवून घेत होते, हे २०१५ साली दोन सिनेटरांच्या अहवालानेच उघड झाले. राजकारण मैदानावर अगोदरच होते. खेळाडूंनी फक्त त्यात स्वतःचा शब्द घातला.

आमच्या घरची गोष्ट

अमेरिकेला नावे ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांनी असा प्रश्न केला होता की, या देशात दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्यास होणारा दंड हा ध्वजाच्या अवमानाबद्दल होणाऱ्या दंडाहून कमी कसा? त्यांची भाषा जहाल होती. महाराष्ट्रात काहूर उठले, ते ध्वजाविषयीच्या शब्दांवरून. त्या स्त्रीसाठी तेवढे काहूर उठले नाही. ढाल्यांच्या लेखाला त्यांच्या टीकाकारांनी दिलेला याहून मोठा पुरावा दुसरा कोणता असेल?

कायदा या लोकांपेक्षा शहाणा आहे. ऐन महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील ध्वजवंदनाची सक्ती घटनाबाह्य ठरविली. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळातील तीन भावंडांना न्याय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९७१ चा कायदा राष्ट्रगीत म्हणू न देणाऱ्यास व त्यात व्यत्यय आणणाऱ्यास शिक्षा सांगतो. परंतु जमावाला कायदा पुरत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये पणजीच्या चित्रपटगृहात राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या एका अपंग गृहस्थावर हात टाकण्यात आला. त्याला उभे राहता येते की नाही, हे पाहण्याचीही कोणास गरज वाटली नाही. पुढे त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला न्यायालयाने चित्रपटगृहांतून राष्ट्रगीताची सक्ती केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती स्वतःच मागे घेतली.

सहा दिशांचे वंदन

बौद्ध या नात्याने आम्हांस याहून एक खोल गोष्ट सांगावयाची आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहपतिपुत्र रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत असे. का, तर मरताना वडिलांनी सांगितले होते. तथागतांनी त्याची टर उडविली नाही, हात जोडणे बंद करण्यासही फर्माविले नाही. दिशांचे खरे वंदन कोणते, ते त्यांनी त्याला समजावून दिले. पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण दिशा म्हणजे आचार्य, पश्चिम दिशा म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर दिशा म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे दास व कामकरी. त्या खालच्या दिशेचे वंदन कसे करावयाचे? त्यांना झेपेल तेवढेच काम देऊन, पोटभर अन्न व वेतन देऊन, आजारात शुश्रूषा करून. या कर्तव्यांवाचून केलेला नमस्कार हा निव्वळ अंगविक्षेप होय.

राष्ट्रगीताला हाच न्याय लागू आहे. जे राष्ट्र आपली खालची दिशा तुडविते आणि बावन्न सेकंद ताठ उभे राहून देशभक्तीची पावती मागते, त्याने धर्माचे कर्मकांड सोडून राष्ट्राचे कर्मकांड पत्करले, इतकाच फरक. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस येथे एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा रोवून त्याचा जीव घेतला. मैदानावरील गुडघा ज्या अन्यायाकडे बोट दाखवीत होता, तो जगाने डोळ्यांनी पाहिला. मग कोठे ५ जून २०२० रोजी त्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे म्हणणे वेळीच ऐकले नाही ही चूक झाली, असे कबूल केले. त्यांच्या निवेदनात केपर्निकचे नाव नव्हते.

स्मिथ आणि कार्लोस यांचा पुतळा त्यांच्या विद्यापीठात २००५ साली उभा राहिला. मेक्सिकोत त्यांच्याशेजारी सहानुभूतीचा बिल्ला लावून उभा राहिलेला गोरा ऑस्ट्रेलियन धावपटू पीटर नॉर्मन याची माफी त्याच्या देशाच्या संसदेने २०१२ साली मागितली; तोवर त्यास मरून सहा वर्षे झाली होती. त्याच्या शवपेटीस खांदा स्मिथ व कार्लोस यांनीच दिला होता. जिवंतपणी बहिष्कार आणि मागाहून पुतळा, हा प्रकार बाबासाहेबांच्या अनुयायांना नवा नाही.

आमच्या भूमिकेविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही राष्ट्रगीताला उभे राहतो आणि राहू. १९४७ च्या राष्ट्रध्वज समितीत बाबासाहेब सभासद होते, आणि त्या ध्वजाच्या मध्यभागी अशोकाचे धम्मचक्र आहे. तो ध्वज आमचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या आड अन्याय लपविण्याचा अधिकार आम्ही कोणासही देणार नाही. उद्या एखाद्या खेळाडूने, मग तो अमेरिकेचा असो वा भारताचा, मान खाली घातली किंवा गुडघा टेकला, तर आमच्या वाचकांनी गर्दीच्या आरडाओरड्यात आपला आवाज मिसळू नये. त्याचे गाऱ्हाणे काय आहे, हे आधी विचारावे. ते खरे असेल तर रीतीची चर्चा करणाऱ्यांना स्पष्ट सांगावे की, अगोदर गाऱ्हाणे दूर करा, रीतीचे मग पाहू.

चक्र ध्वजावर काढल्याने फिरत नाही. ते माणसांनी फिरवावे लागते.