बाटली आडवी केली, पिणाऱ्याचं काय?
उरण-पनवेलच्या गावांनो, बायकांनी पुरेशी मतं दिली की बाटली आडवी होते. चांगलंच आहे. पण पिणारा चार मैलांवर जाऊन पितोच ना?

"मनावर घेतलं की सुटते" म्हणणाऱ्यांनो, भातातलं तण एका बेणणीत गेलंय कधी? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा म्हणजे अशीच पुन्हा पुन्हा करायची बेणणी. १९३५ पासून चाललीय. फी नाही, आडनाव विचारत नाहीत; दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

पण वाशीची सभा संपल्यावर रात्री गावाकडं गाडी कुठाय? समाजमंदिर हळदीला मिळतं, तिथं दारूही चालते. तेच आठवड्यातून एक तास या सभेला द्या. आपल्या गावात लाज वाटली तर माणूस शेजारच्या गावात बसेल. गावकीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.