अर्धा कोयताही नव्हे

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर ह्या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकातील फडांकडे निघतात. काही तरुण पुणे-चाकणचे कारखाने गाठतात. नाताळच्या मिस्सेला आम्ही वेदीवरून समोर पाहतो तेव्हा पांढरे केस आणि लहान मुले एवढेच दिसते. मधली पिढी उसात असते.

अशा वेळी चौथ्या आज्ञेवर प्रवचन करण्याचा मोह आम्हां धर्मगुरूंना आवरत नाही. 'आपल्या आईबापांचा मान राख' असे आम्ही बजावतो आणि मुलांच्या कृतघ्नतेला दोष देऊन मोकळे होतो. काही मुलगे निर्दय असतात, हे खरे. परंतु सबंध गावच्या गाव एकाच महिन्यात कृतघ्न होते काय?

फडावरचा हिशेब पाहा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप फडावर आला तरी मुलाने निघावे कसे? ह्या हिशेबात म्हातारीला आकडाच नाही. ती अर्धा कोयताही नव्हे. तरीही नातवंडे तीच सांभाळते, शेरडे तीच राखते. ती मागे राहते म्हणून कोयता घराबाहेर पडू शकतो. साखरेच्या पोत्यात तिचेही श्रम आहेत. मजुरीत मात्र नाहीत.

कायदाही मुलाकडेच बोट दाखवतो. 2007 च्या अधिनियमाने आईवडिलांच्या निर्वाहाचे कर्तव्य अपत्यांवर टाकले आणि त्यांना टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. शासनाच्या वृद्धांसाठीच्या योजनेचे नाव 'श्रावणबाळ'. 2023 पासून तिचे मासिक अनुदान 1,500 रुपये आहे. ज्या श्रावणाने कावड उचलायची त्याच्या डोक्यावर आज उसाची मोळी आहे, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातील 'कर्बान'चा प्रसंग वाचकांना ठाऊक आहे. आईबापांच्या वाट्याचे धन देवाला अर्पण झाले असे म्हटले की मुलगा कर्तव्यातून सुटत असे. प्रभू येशूने तेथे खडसावले ते मुलाला नव्हे, तर त्याला आईबापांसाठी काही करू न देणारा नियम चालवणाऱ्या शास्त्र्यांना. आज उचल हेच कर्बान आहे. मुलाचे हात आधीच गहाण पडले आहेत, आणि आम्ही गहाण ठेवणाऱ्याला उपदेश करतो, ठेवून घेणाऱ्याला नाही!

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. आईबापांच्या आजारपणासाठी घेतलेली रजा खाडा धरू नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन 10 रुपये घेण्याचे ठरले आहे. त्या निधीत मागे राहिलेल्या वृद्धांचा हिस्सा लेखी असावा. मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. जेथे नातवाचे ताट वाढले जाते, तेथे आजीचेही वाढावे.

आणि आमचे काय? पोप फ्रान्सिस ह्यांनी 2021 मध्ये जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धांचा दिन म्हणून नेमला. तो आम्ही हारतुरे देऊन साजरा करतो. जुलैत मुले घरीच असतात. खरी कसोटी नोव्हेंबर ते मार्चची आहे. त्या महिन्यांत प्रत्येक धर्मग्रामाने, जात-धर्म न विचारता, बंद घरांच्या ओसरीवर बसलेल्यांची दर आठवड्याला विचारपूस करावी, औषध आणावे, तालुक्याच्या गावी सोबत जावे. एवढे होईपर्यंत चौथ्या आज्ञेवरचे प्रवचन आम्ही आधी स्वतःलाच ऐकवलेले बरे.