म्हणे, सेटिंग चुकलंय!

गेल्या शनिवारी रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना एक जुना डोंगल सापडला. तोच तो, पेनड्राइव्हसारखा दिसणारा, आत सिमकार्ड घालायचा. आई म्हणाली, "टाकून दे." मी कसला टाकतोय! लॅपटॉपला लावला. सिमची सेवा केव्हाच बंद झालीय, पण आतले जुने मेसेज शाबूत होते.

त्यात 'तो' मेसेजही होता. जानेवारी २०१२ चा.

मी तेव्हा नववीत. पावसच्या आमच्या कलमांच्या मोहोरावर काहीतरी पडलं होतं. राखणदाराने मोबाईलवर फोटो काढून एमएमएस केला. बाबांचा फोन साधा, म्हणून फोटो डोंगलच्या नंबरवर मागवलेला. तो तिकडून सांगतोय, "गेला साहेब!" आणि इकडे स्क्रीनवर नुसती अगम्य अक्षरं. बाबांनी कस्टमर केअरला तीनदा फोन केला. उत्तर ठरलेलं: "सर, तुमचं सेटिंग चुकलंय." घरातला कॉम्प्युटरवाला मीच, मीही तेच म्हणालो. "बाबा, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलंत." पुढच्या रविवारी बाबा एसटीने पावसला पोचले, तोवर तुडतुड्यांनी मोहोर काळा करून टाकला होता.

परवा मी तो मेसेज पीडीयू मोडमध्ये, म्हणजे कच्च्या स्वरूपात उघडला. सुरुवातीलाच ०बी८४ हे आकडे. दशमान पद्धतीत २९४८. हा वॅप पुशचा पोर्ट. म्हणजे एमएमएसची वर्दी बाबांपर्यंत व्यवस्थित पोचली होती!

मंडळी, एमएमएस दोन हप्त्यांत येतो. आधी एक छोटा बायनरी एसएमएस येतो. त्यात फोटो नसतोच. कोणी पाठवला, आकार किती, मुदत कधीपर्यंत आणि फोटो कुठल्या सर्व्हरवर ठेवलाय त्याचा पत्ता, एवढंच. पोस्टमनने पार्सलची चिठ्ठी टाकावी तसं. मग फोनने डेटा कनेक्शन उघडून त्या पत्त्यावरून फोटो आणायचा. पण त्या सर्व्हरकडे जायचं दार बरेचदा वेगळं असतं: एमएमएसचा वेगळा एपीएन, वेगळा प्रॉक्सी. नेहमीच्या इंटरनेटच्या दारातून गेलात तर तो पत्ता सापडतच नाही. आमच्या डोंगलच्या सॉफ्टवेअरला तर ही चिठ्ठी वाचताच येत नव्हती. मुदत संपली, फोटो गेला.

म्हणून असा बिघाड शोधायचा तर क्रमाने विचारावं. चिठ्ठी आली का? प्रोग्रामला ती कळते का? एपीएन कुठला? प्रॉक्सी कुठला? मुदत उरलीय का? पाच प्रश्न, बस. आज लिनक्सवर मोडेममॅनेजर आणि एमएमएसडी-टीएनजी ही जोडी हेच काम निमूटपणे करते. जादू कसलीच नाही.

आता कुणीतरी म्हणेल, "अरे, व्हॉट्सॲप आहे ना, कशाला उकरतोस?" बरोबर. पण एमएमएस हे खुलं मानक होतं. कुठल्याही कंपनीच्या नंबरवरून कुठल्याही नंबरवर जायचं, एका मालकाचं ॲप लागायचं नाही. ते महाग होतं हे खरंच. पण लोकांचा विश्वास उडाला तो या मुक्या बिघाडामुळे. फोटो येत नाही, आणि का येत नाही ते कुणी सांगत नाही!

माझा राग बिघाडावर नाही. कोकणातल्या डोंगरउतारांवर रेंज जाणार, यंत्रं बिघडणार. राग आहे तो "तुमचं सेटिंग चुकलंय" या वाक्यावर. चिठ्ठी पोचली होती. फोटो न्यायला कुणी आलं नाही, हे सर्व्हरला समजत होतं. फक्त माणसाला सांगायचं राहिलं. "तुमच्यासाठी फोटो आलाय, पण या उपकरणावर उघडता येत नाही." एवढी एक ओळ लिहायला किती खर्च आला असता?

आणि आपण तरी काय करतो? तुम्ही-मी, ऑफिसात बसून, "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असाच मेसेज टाकतो ना? खरं कारण लॉगमध्ये आणि दोष गिऱ्हाइकाच्या माथी. मीही टाकलाय. सोमवारी जाऊन पहिलं काम म्हणजे माझ्या मोड्यूलमधली ती ओळ बदलणार आहे.

रविवारी सकाळी चहा पिताना बाबांना सगळं सांगितलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं हो."

बाबा म्हणाले, "ते मला तेव्हाच ठाऊक होतं. पण तूसुद्धा त्यांच्याच बाजूने बोललास, ते लागलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.