रोपं लावण्याआधी खुंट बघा

गेल्या जुलैत आमच्या मजल्यावर एक बेत शिजला. अंजनेरीला जायचं, माथ्यावर दोनशे रोपं लावायची आणि बॅनर धरून फोटो काढायचा. कल्पना कुणाची? अस्मादिकांचीच! त्यामुळे पुढचं सगळं आधी मी स्वतःलाच ऐकवतोय, हे वॉर्डन सरांनीही लक्षात घ्यावं.

खड्डे कुठं खणायचे ते पाहायला आम्ही चौघं आदल्या रविवारी त्र्यंबकच्या एसटीनं निघालो. अंजनेरी गाव मागं टाकलं, चढायला लागलो आणि थोड्याच वेळात एका झाडाखाली दम खायला बसलो. गुरं घेऊन निघालेले एक बाबा थांबले. "कशापायी आलात?" आम्ही छाती फुगवून म्हणालो, "झाडं लावायचीत." बाबांनी काठीनं आमच्या पाठीमागचा बुंधा दाखवला. "हे कोणी लावलं?"

मग नीट पाहिलं. जमिनीलगत जुना, काळा पडलेला खुंट आणि त्याच्या कडेनं वर गेलेली चार खोडं. कधीतरी कुऱ्हाड पडली होती, पण मुळं जिवंत होती म्हणून झाड पुन्हा फुटलं. साग, ऐन ही झाडं अशी खुंटातून फुटतात. एकदा नजर बसली की वाटेभर तेच दिसतं. कुठं फुटवे गुरांनी खुडलेले, कुठं उन्हाळ्यातल्या वणव्यात करपलेले.

सह्याद्रीवरची कुऱ्हाड काही कालची नाही. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान लागायचं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८६५ पर्यंत ती कसारा घाट चढून वर आली. रुळांखाली तेव्हा लाकडी स्लीपर असायचे. आजच्या हिशेबानं किलोमीटरला दीड हजारांवर स्लीपर लागतात. सिव्हिलवाल्यांनी गुणाकार करून पाहावा! त्यात घरं, सरपण आणि कोळसा वेगळाच.

तासाभरानं पठारावर पोचलो. इथं झाडं कमी, गवत जास्त. मला वाटलं, हीच मोकळी जागा! पण ही जागा रिकामी नाही. 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे कंदिलासारख्या फुलाचं छोटंसं रोप शास्त्रज्ञांनी इथूनच शोधलं आणि २००६ मध्ये त्याची नोंद झाली. नावातच अंजनेरी आहे. त्याचा कंद जमिनीत असतो, पावसाळ्यात त्यातून कोंब वर येतो. म्हणजे नेमक्या आमच्या खड्ड्यांच्या मोसमात! २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोही उगाच नाही. फावडं घेऊन गेलो असतो तर पर्यावरणाच्या नावानं काय उपटलं असतं, देव जाणे.

कुणी विचारेल, मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा की! कॅम्पसमध्ये, रस्त्याकडेला, जिथं एप्रिलमध्ये बादलीभर पाणी घालता येईल तिथं. पण तोडलेल्या जंगलाला आपल्या रोपांपेक्षा सवड जास्त हवी असते. चार-पाच वर्षं आग लागली नाही, कोवळे फुटवे खुडले गेले नाहीत, तर खुंट स्वतःच उठतात.

अर्थात बाबांची गुरं मग कुठं जाणार? गॅसवर शिजलेलं मेसचं जेवण जेवून त्यांना चराईबंदीचं लेक्चर देणं फार सोपं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९९० च्या दशकात झाडं लावलीच, पण कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही पाळली. ती टिकली, कारण ती गावानं स्वतः ठरवली होती. आपण फार तर हातभार लावू शकतो: वनविभागाला विचारून फेब्रुवारीत जाळरेषा काढायला जायचं, पायवाट सोडायची नाही, शेकोटी पेटवायची नाही. यात फोटो काही खास येत नाही, हे मान्य.

आमचा बेत शेवटी बदलला. दोनशेऐवजी चाळीस रोपं आणली आणि होस्टेलच्या मागं लावली. मेसच्या काकांनी भाज्या धुतलेलं पाणी रोज तिकडं वळवलं. एप्रिलअखेर एकतीस जगली होती. मे महिन्यात आपण सगळे घरी पळालो आणि परत आलो तेव्हा उरली होती एकोणीस.

म्हणून यंदा नवीन रोपं आणू नयेत असं माझं मत आहे. आधी या एकोणीस रोपांसाठी सुट्टीत कोण थांबणार, ते ठरवू. पहिला आठवडा माझा. दुसरा कोणाचा?