आराखड्यातील हरवलेला ओढा

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात आंबिल ओढ्याने हाहाकार माजविला. त्या एका रात्रीच्या पावसात शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. १९६१ साली पानशेत फुटले तेव्हा पुण्यावर धरणाचे पाणी चालून आले होते. या वेळी कोणतेही धरण फुटले नव्हते. कात्रजच्या डोंगरात उगम पावून धनकवडी, सहकारनगर, पर्वती या मार्गाने मुठेला मिळणारा एक ओढा काही तासांच्या पावसाने आपली जुनी वाट शोधीत निघाला आणि त्या वाटेवर त्याला सोसायट्यांच्या सीमाभिंती, वाहनतळ आणि झोपड्या आडव्या आल्या.

ही नैसर्गिक आपत्ती होती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु पाऊस नैसर्गिक असला तरी पाण्याच्या वाटेत उभी केलेली भिंत नैसर्गिक नसते. त्या भिंतीमागे कोणाची तरी परवानगी असते किंवा कोणाचा तरी कानाडोळा असतो. जून २०१३ मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीपाशी पाण्याच्या लोंढ्यात एक मायलेकीची जोडी वाहून गेली. तेथेही डोंगर फोडून पाण्याचा नैसर्गिक मार्ग अडविला गेल्याचे उघड झाले होते. सहा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. आपल्या नगररचनेला जमीन दिसते, पण जमिनीवरून वाहणारे पाणी दिसत नाही.

पुण्याच्या बाबतीत हे अधिक खेदजनक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. याच आंबिल ओढ्याचा प्रवाहही त्या काळात वळविण्यात आला. निसर्गात हस्तक्षेप तेव्हाही झाला, पण तो पाण्याचा स्वभाव ओळखून झाला. ओढा वळवायचा असेल तर त्याला दुसरी पुरेशी वाट द्यावी लागते, हे अठराव्या शतकातील कारभाऱ्यांना ठाऊक होते. नदीला माता म्हणणाऱ्या आणि तलावाकाठी देऊळ बांधणाऱ्या समाजाचे हे व्यावहारिक शहाणपण होते. आज आपण नदीची आरती मात्र करतो आणि तिला मिळणारे ओढे नळकांड्यांत कोंबतो.

कायदा अपुरा आहे असे म्हणावे, तर तसेही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय असावे हे सांगताना पूरनियंत्रण आणि नदीप्रदूषण रोखण्याच्या प्रस्तावांचा स्पष्ट उल्लेख आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे संरक्षण हा नगरपालिकांचा विषय मानला आहे. महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा, अशीही तरतूद आहे. हे अहवाल निघतात. त्यांत हवा, पाणी, कचरा, वृक्ष यांची आकडेवारी असते. अहवाल स्वीकारला जातो आणि कपाटात जातो. दुसऱ्या कपाटात विकास आराखडा असतो. या दोन दस्तऐवजांची गाठ पडत नाही, हेच आजच्या स्थानिक नियोजनाचे मुख्य दुखणे आहे.

पर्यावरण हा नियोजनाचा एक स्वतंत्र विभाग नव्हे, तो नियोजनाचा पाया आहे. घर बांधताना आपण आधी पाया पाहतो, मग रंग निवडतो. शहर बांधताना मात्र आधी रस्ते, आरक्षणे आणि चटईक्षेत्र ठरते. उरलेल्या जागी हिरवा रंग भरला जातो. हा क्रम उलटा झाला पाहिजे. आराखड्याचा पहिला नकाशा ओढे, नाले, उतार, विहिरी आणि टेकड्या यांचा असावा. त्यावर मोजणी करून पाण्याच्या वाटा कायम कराव्यात आणि त्यानंतरच आरक्षणांची रेघ ओढावी. नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखली जाते. पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब त्यामागे असतो. तोच न्याय ओढ्यांनाही लागू व्हायला हवा.

येथे एका रास्त आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. शहराला घरे हवीत, आणि ज्याची जमीन टेकडीवर किंवा ओढ्याकाठी आहे त्याने सर्वांच्या हितासाठी एकट्याने का सोसावे? पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरील सुमारे ९७६ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी राखण्यास राज्य शासनाने २०१५ साली मान्यता दिली. तथापि मोबदल्याचा प्रश्न समाधानकारकपणे सुटला नाही, तर असे आरक्षण कागदावरच राहते. जमीनमालक मग गुंठा-गुंठा विकून मोकळा होतो आणि टेकडीवर अनधिकृत घरे चढतात. संरक्षणाची किंमत समाजाने दिली नाही, तर ती पुढे पुरात दुप्पट मोजावी लागते. ओढ्याकाठच्या झोपडीतील कुटुंबाचेही असेच आहे. ते तेथे हौसेने राहत नाही. आराखड्याने त्याला अन्यत्र जागाच ठेवलेली नसते. अतिक्रमण हटविताना प्रथम त्याचेच छप्पर उतरते आणि प्रवाहात पुढे सरकलेली सोसायटीची भिंत मात्र शाबूत राहते, हा न्याय नव्हे.

ही चूक सुधारण्याची संधी अद्याप गेलेली नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये दोन टप्प्यांत ३४ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट करण्यात आली. शहराची ही नवी सीमा म्हणजे केवळ नव्या बांधकामाचे क्षेत्र नव्हे. तेथे ओढे आहेत, गावतळी आहेत, गायराने आहेत. त्या गावांतील वृद्धांना कोणत्या शिवारात पाणी साचते आणि कोणत्या वाटेने उतरते हे तोंडपाठ आहे. नियोजनकारांनी त्यांच्यापाशी बसून ते नकाशावर उतरवून घ्यावे. पर्यावरण स्थितीच्या अहवालात जे बिघडलेले दिसेल, त्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात किती तरतूद केली, याचे उत्तर आयुक्तांनी सभागृहात द्यावे. आरक्षण बदलण्याचा प्रत्येक ठराव मांडताना त्या बदलाचा पाण्याच्या वाटेवर होणारा परिणाम लेखी नोंदविला जावा.

आणि नागरिकांनी? घरपट्टीत सवलत मिळते म्हणून सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारण बसविणे चांगलेच आहे. पण तेवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी मुदत असते. ती मुदत साधून आपल्या प्रभागातील ओढा नकाशावर आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर हरकत घ्यावी. नकाशावरून पुसलेला ओढा जमिनीवरून पुसला जात नाही. तो पावसाची वाट पाहत असतो.