तळहातावरील चेहरे

आमच्या घरीं एका जुन्या पेटींत एक छायाचित्र आहे. मध्यें खुर्चीवर पगडी घातलेले पणजोबा बसले आहेत आणि त्यांच्या मागें चार स्त्रिया उभ्या आहेत. पणजोबांचें नांव घरांत सर्वांस ठाऊक आहे. पण त्या चौघी कोण, हें सांगूं शकणारें एकहि माणूस आतां उरलें नाहीं. चित्राची पाठ कोरी आहे. त्यामुळें ते चेहरे आपल्याच कुळांतील असूनहि आपल्याला परके झाले आहेत. जुन्या जर्मन पदकांविषयीं वाचीत असतां मला या चित्राची वारंवार आठवण होत राहिली. तेव्हां या महिन्यांत तोच विषय वाचकांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

पदक म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें परीक्षेंत किंवा शर्यतींत मिळालेलें बक्षीस येतें. परंतु पंधराव्या व सोळाव्या शतकांत युरोपांत ज्यास पदक म्हणत, तें निराळें. तें नाण्यासारखें वाटोळें, तळहातावर सहज मावेल एवढें असे. मात्र बाजारांत तें चालत नसे. एका बाजूस एखाद्या माणसाचा उठावदार चेहरा व भोंवतीं त्याचें नांव, आणि पाठीमागें त्याच्या कुळाचें चिन्ह किंवा एखादें बोधवाक्य, अशी त्याची सामान्य रचना. जर्मन लोक त्यास 'शाउम्युन्त्से' म्हणत. म्हणजे पाहावयाचें नाणें. खर्चावयाचें नाणें या हातांतून त्या हातांत जातें; पाहावयाचें नाणें घरांत राहतें व मुलाबाळांच्या हातीं येतें.

ही कला जन्मास आली ती इटलींत. १४३८ सालीं बायझंटियमचा सम्राट आठवा योहान हा धर्मपरिषदेसाठीं फेरारा येथें आला. त्या प्रसंगानें पिसानेल्लो नांवाच्या चित्रकारानें त्याचा चेहरा पदकावर उतरविला. रोमन बादशहांचीं जुनीं नाणीं इटलींतील विद्वान् व सरदार मोठ्या हौसेनें जमवीत असत. आपलाहि चेहरा तसा धातूंत राहावा, अशी इच्छा त्यांना होणें साहजिक होतें. इटलींतील कारागीर प्रथम मेणाचा नमुना करीत. मेण मऊ असतें, बोटाखालीं वळतें, आणि चुकलेली रेघ पुन्हां सारवितां येते. जर्मनींत ही कला सुमारें ऐशीं वर्षांनीं रुजली. परंतु तेथें ती मुख्यतः लाकूड कोरणाऱ्यांच्या हातीं पडली, आणि त्यामुळें तिचें स्वरूपच पालटलें.

१५१८ सालीं ऑग्सबुर्ग शहरांत सम्राट मॅक्सिमिलियन याची साम्राज्यसभा भरली होती. राजे, सरदार, धर्माधिकारी, सावकार व कायदेपंडित यांची तेथें एकच दाटी झाली होती. त्याच शहरांत हान्स श्वार्त्स नांवाचा एक तरुण कोरक्या राहत असे. त्यानें या मंडळींचे चेहरे पदकांवर उतरविण्याचें काम हातीं घेतलें. तो प्रथम माणसास समोर बसवून कोळशानें त्याचें चित्र काढी. अशीं शंभराहून अधिक चित्रें आजहि टिकून आहेत. त्यांतील बहुतेक बर्लिन व बांबेर्ग येथें जपून ठेविलेलीं आहेत. नंतर त्या चित्रावरून तो लाकडाच्या गोल चकतीवर चेहरा कोरी. कोरलेली चकती बारीक मातींत किंवा रेतींत दाबली म्हणजे तिचा खोलगट सांचा तयार होई. त्यांत शिसें, कांसें किंवा रुपें ओतावयाचें, आणि थंड झाल्यावर सोनारी हत्यारांनीं तें साफ करावयाचें. धातु निवतांना किंचित् आकसतो. म्हणून एखाद्या पदकावरूनच दुसरें ओतलें, तर तें मुळाहून थोडें लहान भरतें. मूळ पदक कोणतें व नक्कल कोणती, हें जाणते लोक आजहि व्यास मोजून ओळखतात.

लाकडावर काम करणाऱ्यास मेणाप्रमाणें सारवासारव करतां येत नाहीं. एकदां टवका गेला कीं गेला. म्हणून त्याला आधीं नीट पाहावें लागतें. हा पाहण्याचा शिस्तबद्ध सराव जर्मन पदकांत पदोपदीं दिसतो. गळ्याची लोंबती घडी, बसकें नाक, जाड मान, दाढीचा राठपणा, बाईच्या टोपीची प्रत्येक चुणी, हीं सर्व तेथें जशींच्या तशीं आहेत. कोणाला तरुण केलेलें नाहीं, कोणाला देव केलेलें नाहीं. पुष्कळ पदकांवर नांवाशेजारीं वयहि कोरलेलें असतें. अमक्या सालीं, अमक्या वयांत, मी असा दिसत होतों, एवढीच त्यांची साक्ष.

आणि हे चेहरे कोणाचे? केवळ राजांचे नव्हेत. ऑग्सबुर्ग व न्यूरेंबर्ग हीं व्यापारानें भरभराटलेलीं शहरें होतीं. तेथील व्यापारी, नगरसभेचे सभासद, पंडित, चित्रकार, आणि त्यांच्या पत्नीसुद्धां पदकांवर आल्या. फ्रीड्रिख हागेनाउअर या दुसऱ्या कोरक्यानें एकट्यानें दोनशेंहून अधिक पदकें केलीं. न्यूरेंबर्गचा माथेस गेबेल हा लाकडाऐवजीं बारीक कणांच्या दगडांत नमुने कोरी, आणि त्याच्या पदकांची संख्या तर याहूनहि मोठी आहे. जो मान पूर्वीं नाण्यावरील बादशहापुरता होता, तो अशा रीतीनें गृहस्थाच्या घरांत आला.

प्रख्यात चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याचींच दोन पदकें पाहूं. १५२० सालीं ड्यूरर नेदर्लंड्सच्या प्रवासांत होता. त्यानें आपल्या रोजनिशींत एक साधी नोंद केली आहे: स्वतःच्या चेहऱ्याबद्दल हान्स श्वार्त्स यास सोन्याचे दोन गुल्डेन अँटवर्पच्या फुग्गर पेढीमार्फत ऑग्सबुर्गला पाठविले. ज्यानें स्वतःचीं इतकीं चित्रें काढलीं, त्यालाहि दुसऱ्याच्या नजरेंतून आपण कसे दिसतों हें धातूंत पाहावेंसें वाटलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरें पदक गेबेल यानें १५२७ सालीं केलें. त्यावर ड्यूररचा चेहरा, त्याचें नांव आणि वय ५६. पाठीवर त्याच्या कुळाचें चिन्ह. पुढच्याच वर्षीं, ६ एप्रिल १५२८ रोजीं, ड्यूरर वारला. तेव्हां पदक पुन्हां काढण्यांत आलें. चेहऱ्याची बाजू तीच ठेविली, आणि पाठीवर तो ख्रिस्ताच्या ठायीं निजला, असा लेख घातला. एक रेघहि न बदलतां जिवंत माणसाचें पदक स्मरणाचें पदक झालें. चेहरा खरा होता, म्हणूनच हें शक्य झालें.

मित्रामित्रांमध्येंहि पदकें जात. थोर पंडित इरॅस्मस याचें पदक फ्लेमिश चित्रकार क्वेन्टिन मात्सिस यानें १५१९ सालीं केलें. इरॅस्मस त्याच्या प्रती दूरदेशीच्या स्नेह्यांस धाडीत असे, आणि तें नीट ओतलें जात नाहीं म्हणून न्यूरेंबर्गच्या पिर्कहाइमर या मित्राशीं त्याचा पत्रव्यवहारहि झाला. त्या पदकावरच ग्रीक भाषेंत असें लिहिलें आहे कीं, याहून चांगली प्रतिमा माझे ग्रंथ दाखवितील. चेहऱ्याची हौस आणि चेहऱ्याच्या मर्यादेची जाणीव, दोन्ही एकाच चकतीवर आहेत.

आतां दुसरी बाजू. सत्ता व पदक यांचा संबंध पहिल्यापासूनच होता. १५२१ सालीं न्यूरेंबर्गच्या नगरसभेनें तरुण सम्राट पांचवा चार्ल्स यास भेट देण्यासाठीं एक मोठें रुप्याचें पदक तयार करविलें. रेखाटन ड्यूररचें, ठसे हान्स क्राफ्ट याचे. पण शहरांत साथ आली, सभा वर्म्स येथें भरली, आणि भेटीचा तो समारंभ राहूनच गेला. पुढें राजे लोक आपल्या मुद्रेचें पदक मर्जींतल्या माणसांस बक्षीस देऊं लागले. त्यास 'कृपेचें नाणें' म्हणत, व तें सांखळींत ओंवून गळ्यांत घालीत. आपल्याकडील माळेंतली पुतळी ही मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली. नाणें गळ्यांत मिरविण्याची हौस अशी दोन्हीकडे सारखीच. भेद इतकाच कीं, तेथील चकती गळ्यांत घालणाऱ्यानें आपल्या धन्याचा चेहरा छातीवर वागविला.

सतराव्या शतकांत, ज्यास बरोक काळ म्हणतात त्या काळांत, ओतण्याची रीत मागें पडत जाऊन पोलादी ठशांनीं पदकें पाडण्याची रीत वाढली. मळसूत्री दाबयंत्रानें एकासारख्या एक अशा पुष्कळ प्रती निघूं लागल्या. तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८ ते १६४८) लढाया, तह, राजांचे विवाह व मृत्यु या सर्वांवर पदकें निघालीं. लुत्सेनच्या रणांगणावर १६३२ सालीं पडलेला स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ याच्यावर झेबास्टियान डाडलर यानें केलेलीं पदकें कारागिरीच्या दृष्टीनें अप्रतिम आहेत. देवदूत, रथ, ढग, दूरवरची सैन्यें, हें सर्व त्यानें तळहाताएवढ्या जागेंत बसविलें. परंतु त्यांत आपण राजाची कीर्ति पाहतों. माणूस शोधावा लागतो.

याच वाटेनें ही कला कोठवर उतरली, हेंहि सांगितलें पाहिजे. १६९४ सालीं धान्य महाग झालें, तेव्हां 'धान्य-ज्यू' या नांवाचीं पदकें निघालीं. पाठीवर पोतें वाहणारा एक ज्यू, आणि पोत्यावर बसून तें फाडणारा सैतान. हीं पदकें गोटा येथील क्रिस्टियान वेर्मूट याच्या नांवावर मोडतात. हा वेर्मूट सामान्य कारागीर नव्हे. त्याचीं पदकें हजाराच्या वर भरतात. त्या पदकावरील माणसास नांव नाहीं, वय नाहीं, खरा चेहराहि नाहीं. आहे ती केवळ एका समाजाची नालस्ती. ज्या कलेनें शेजारच्या गृहस्थाला समोर बसवून नीट पाहण्यापासून आरंभ केला, तिनें येथें न पाहतांच एका सबंध समाजाचा चेहरा ठरवून टाकला. असल्या न पाहतां ठरविलेल्या चेहऱ्यांचा शेवट त्याच देशांत १९३३ ते १९४५ या वर्षांत काय झाला, तें सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून मला श्वार्त्स, हागेनाउअर व गेबेल यांचीं लहानशीं पदकें अधिक मोलाचीं वाटतात. त्यांत तीनच गोष्टी आहेत: चेहरा, नांव आणि वय. कोण्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीस पांचशें वर्षांनीं आपण तिच्या नांवानें ओळखतों, तें ती थोर होती म्हणून नव्हे; कोणीतरी तिला नीट पाहिलें आणि तिचें नांव भोंवतीं कोरून ठेविलें म्हणून.

वाचकांस एवढीच विनंति कीं, येत्या सुटीच्या दिवशीं घरांतील जुनीं छायाचित्रें काढावीं, घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसावें आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें, नातीं व सालें लिहून ठेवावीं. स्त्रियांचीं नांवें अमक्यांची पत्नी म्हणून न लिहितां त्यांच्या स्वतःच्या नांवानें लिहावीं. यास कोरक्या लागत नाहीं, रुपें लागत नाहीं. आमच्या पेटींतील त्या चौघींसाठीं मात्र आतां उशीर झाला आहे.