रातपाळीच्या आठवड्यातलं वेळेचं नियोजन

आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअॅपवर अधूनमधून कुणीतरी वेळेच्या नियोजनाचा व्हिडिओ टाकतं. पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, महत्त्वाचं काम आधी उरका. सांगणारा माणूस इस्त्रीच्या शर्टात, मागे पुस्तकांचं कपाट. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात पाचला उठवायला कुणी लागत नाही. हरभऱ्याला पाणी देणं सुरू झालं की आमचा दिवस कधी उगवायचा हे थ्री फेज लाइन ठरवते.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, कधी दिवसा आठ तास, पाळी फिरली की रात्री. रातपाळी असली की लाइन येण्याची वाट पाहायची, मोटार चालू करायची, स्प्रिंकलरचं एक ठिकाण भिजलं की पाइप उचलून पुढे टाकायचे. हे सगळं थंडीत, ओल्या वावरात, हातात बॅटरी घेऊन. साप आणि रानडुकरं सगळीकडेच आहेत. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला ज्यांची वावरं, त्यांना अस्वलाचीही धास्ती. ऑटो स्विच लावून झोपावं म्हटलं, तर पाइप काही आपले आपण सरकत नाहीत. शिवाय लाइन येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. ती जळाली तर पुढच्या सगळ्या पाळ्या गेल्या.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. माझ्या मते, वेळेच्या नियोजनाचं गेल्या काही वर्षांतलं सर्वांत मोठं काम हेच आहे. शेतीच्या विजेचा एक फीडर दिवसा चालू झाला की गावच्या गाव रात्री झोपतं.

पण मला लिहायचंय ते रातपाळीनंतरच्या सकाळबद्दल. पाइप उचलायला आम्ही दोघंही जातो. घरी परतल्यावर घरधनी आडवे होतात. व्हावंच, रात्रभर जागलेला माणूस आहे. मी मात्र गॅस पेटवते. मुलांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, गोठ्यातलं शेण, मग निंदायला येणाऱ्या बायांना वावर दाखवणं. जागरण दोघांचं, झोप एकाची. यात कुणाचा दुष्टपणा नाही. हे असंच चालतं, एवढंच. म्हणूनच त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हे आमच्याच घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. २०१९ मध्ये बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होती, पुरुष ९७. तेही फक्त घरकामात हात लावणारे पुरुष धरून. बाकीचे त्या सरासरीत नाहीतच. २०२४ मध्ये बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून टाळी वाजवणार, तेवढ्यात पुढचा आकडा दिसला: पुरुषांची मिनिटंही ९७ वरून ८८ वर आली. म्हणजे बाईची ती दहा मिनिटं पुरुषांनी काही उचलून घेतली नाहीत. गॅसनं दिली असतील, नळानं, मिक्सरनं.

घराबाहेरही आमची वेळ फुकटच समजली जाते. एसटी बसमध्ये बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि त्याचा फायदा मोठा आहे. माहेरी जाणं, दवाखाना, बाजार, सगळं सोपं झालं. पण तिकीट अर्धं झालं तरी फाट्यावरचं थांबणं पूर्णच राहिलं. सरकारी शिबिराला गेलं तरी तेच: शिबिर अकराला असं सांगतात, साहेब दोनला येतात. पन्नास बाया तीन तास बसल्या, तर दीडशे तास गेले की! एका मजुराचे हे जवळपास एकोणीस दिवस. ते कुणाच्या वहीत खर्ची पडत नाहीत. घाटाखालच्या माझ्या बहिणीचं गाऱ्हाणंही हेच आहे, फक्त तिथं ऊन जास्त.

मला कुणी वेळेच्या नियोजनावर भाषण द्यायला बोलावलं, तर मी बायांपुढे बोलणार नाही. पाण्याचं, विजेचं आणि शिबिराचं वेळापत्रक ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे बोलेन. पाळी बदलणार असेल तर चार दिवस आधी मोबाइलवर कळवा. नळ कोणत्या दिवशी, किती वाजता, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि पाळा. साहेबांना उशीर होणार असेल तर बायांना घरी जाऊ द्या.

आणि घरच्यांपुढे. रातपाळीच्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाक पाळीनं करायचा, हे आमच्या घरी यंदाच्या हंगामात ठरलंय. विजेची पाळी पाळता येते, तर पोळ्यांची का नाही? घरधन्यांच्या पोळ्या जाड होतात, सासूबाई तोंड वाकडं करतात, मुलगा डब्यात दोनऐवजी एकच नेतो. मी तेवढ्यात झोपून घेते.